जशी असेल तशी एक मिसळ

नव्याण्णव साली, आबांच्या रक्षाविसर्जनाच्या दिवशी सकाळी, मी हॉटेलच्या गल्ल्यापाशी उभा राहून म्हणालो, "एक मिसळ, बांधून." बस्स, एवढंच. कट, म्हणजे रस्सा, वेगळा म्हणालो नाही, कांदा कसा तेही म्हणालो नाही. घरून निघताना बायकोनं, म्हणजे अनुजानं, बजावलं होतं, की अहो, आबा सांगायचे तसं सगळं नीट सांगून आणा. मी मान डोलावली होती. पण माझ्या मागं माणसं खोळंबली होती, आणि मला वाटलं, खाणार कावळा. त्याला कुठं एवढं कळतंय. हा निर्णय मी स्वतःच्या मनानं घेतला. स्वतःच्या मनानं घेतलेले माझे निर्णय मोजकेच आहेत आणि त्यांची आठवण घरात अधूनमधून काढली जाते.

आबा म्हणजे माझे वडील, बाबासो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते तपासणी खात्यात होते. तयार झालेलं कास्टिंग हातात घ्यायचं, उलटंपालटं करून बघायचं, बारक्या हातोडीनं वाजवायचं आणि खडूनं फुली मारून परत पाठवायचं, हे त्यांचं काम. जगातली कुठलीही वस्तू जशी आली तशी पास करायची असते, हे त्यांना मान्यच नव्हतं. मी त्याच फौंड्रीत डिस्पॅच क्लार्क. आमच्या खात्यात समोर येईल ते गाडीत भरून पाठवायचं असतं. घरीदारीही आमचे स्वभाव आपापल्या खात्याप्रमाणेच होते. (एकदा न्हाव्यानं बोलता बोलता माझी मिशी काढून टाकली. मी त्याला चहा पाजला.) माझं नाव उदयसिंह आहे, हे लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

हॉटेलात तर आबांबरोबर जाणं ही शिक्षा होती. राजारामपुरीत आमच्या घरापासून काही गल्ल्या सोडून आकारामचं मिसळीचं हॉटेल. दर रविवारी सकाळी आबा मला सायकलच्या दांडीवर बसवून तिथं न्यायचे आणि दारातूनच सुरू व्हायचे, "आकाराम, एक बांध. कट येगळा, आणि वरचा तवंग काढून. फरसाण कागदात, त्यात जाडी शेव नको. मटकी मऊ शिजल्याली बघून घाल. बटाटा काढ. कांदा बारीक चीर आणि पाण्यातनं काढ. लिंबाच्या दोन फोडी, बिया काढून. आणि पाव मधला दे, कडंचा नको."

कोल्हापुरात कट मागायचा आणि तवंग काढायला सांगायचा, म्हणजे तालमीत जाऊन बसायला गादी मागण्यासारखं आहे. सगळं हॉटेल चमचे खाली ठेवून आमच्याकडं बघायचं. मी कान लाल करून बाहेर यायचो आणि सायकल धरून उभा राहायचो. आबांना बाहेर यायला बराच वेळ लागायचा. इतके बदल करायचे म्हणजे वेळ लागणारच, असं मी धरून चाललो होतो. माझं बालपण, तारुण्य आणि नोकरीची सुरुवातीची वर्षं त्या सायकलपाशी गेली. पुढं सायकलची स्कूटर झाली, तरी माझी जागा बदलली नाही.

शेवटी आकारामनं वैतागून पाटी रंगवून आणली. 'पदार्थात कोणताही बदल करून मिळणार नाही.' ती कुणासाठी आहे हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. रविवारी आबा आले, मान वर करून उभे राहिले, डोळे बारीक करून त्यांनी पाटी वाचली आणि म्हणाले, "आकाराम, लई वर लावलीस. वाचता येत न्हाय. जरा खाली घे." आणि मग नेहमीची ऑर्डर सुरू केली. आकारामनं दातओठ खात सगळे बदल करून दिले. पाटी मात्र तो हट्टानं होती तिथंच ठेवून बसला.

अनुजाला बघायला आम्ही कबनूरला गेलो होतो, तेव्हाही हेच. पोहे आले. आबा म्हणाले, पोहं झकास दिसत्यात, पण एका बशीतल्या मिरच्या आणि शेंगदाणं तेवढं काढून आणा. मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं. जाता येईना, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर एक म्हैस बांधलेली होती. ती म्हैस मला आजही बारकाव्यांसह आठवते. अनुजा कुठल्या रंगाची साडी नेसली होती ते आठवत नाही. (हेही घरात अधूनमधून काढलं जातं.)

असे हे आबा एका शुक्रवारी सकाळी दाढी करता करता गेले. अर्धी दाढी झाली होती. ज्या माणसानं जन्मात अर्धवट माल बाहेर जाऊ दिला नाही, त्याला असं पाठवायचं कसं, म्हणून उरलेली अर्धी मी केली. नीट झाली नाही. पण परत पाठवायला ते नव्हते. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की घरात आता माल मागं फिरवणारं कुणी उरलं नाही.

आई तेव्हापासून भिंतीला टेकून बसली होती. आईला साखरेचा आजार. वेळेवर पोटात काही गेलं नाही, तर साखर उतरून चक्कर येईल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. शनिवारी रात्री तिनं ताट सारलं आणि म्हणाली, तेनास्नी कावळा शिवूस्तवर मी पाणी बी घेणार न्हाय. आई कधी कुठला हट्ट करत नाही. त्यामुळं तो मोडायचा कसा याचा घरात कुणालाच सराव नव्हता. म्हणजे रविवारी सकाळी सगळं त्या कावळ्यावर होतं. आणि त्या कावळ्यासाठी मी जशी असेल तशी मिसळ घेऊन पंचगंगेच्या घाटावर गेलो.

निवद मांडला. भाकरी, दूधभात, कपात चहा, आक्काआत्यानं आणलेली जिलबी आणि मधोमध मिसळ. तिच्यावर तवंग तसाच तरंगत होता. आम्ही मागं सरून हात जोडून उभे राहिलो. शेजारच्या कट्ट्यावर कुणा आजींचा निवद ठेवला होता. ती माणसं मागं सरायच्या आत कावळा येऊन शिवलासुद्धा. ती मंडळी आमच्याकडं कीव केल्यासारखं बघत निघून गेली.

आमच्याकडंही एक कावळा आला. भाकरीवरून, जिलबीवरून चालत मिसळीसमोर येऊन थांबला. मान तिरकी करून त्यानं एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यानं. पत्रावळीला एक फेरी मारली आणि काही न बोलता उडून गेला. ती नजर मी ओळखली. मागं फौंड्रीतली माणसं उभी होती, त्यांच्यातलं कुणीतरी हळूच म्हणालं, "रिजेक्ट."

ऊन चढायला लागलं. माझे धाकटे चुलते, केरबातात्या, म्हणाले, की दादाची काय तरी इच्छा ऱ्हायली आसंल, उदया, तू बोल. मी पुढं होऊन म्हणालो, आबा, आईला सांभाळीन. कावळे ढिम्म. मी म्हणालो, नोकरी नीट करीन. त्यावर होते नव्हते तेवढे कावळे उठून पलीकडच्या झाडावर गेले. मग तात्यांनीच हात जोडले आणि ते म्हणाले, "दादा, बांधावरचा आंबा तुझ्या पोराचा." सगळे झाडाकडं बघू लागले. काहीच झालं नाही. तात्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि शेजारच्याला सांगितलं, की इच्छा आंब्याची नव्हती हे तर दिसलंच, तवा ते बोलणं आता धरायचं कारण न्हाय.

इतका वेळ आक्काआत्या गप्प होती. आबांची ही थोरली बहीण. ती निवदापाशी वाकली आणि मिसळीकडं बघून तिनं मला विचारलं, "ही कशी सांगून आणलीस?"

"जशी असते तशी," मी म्हणालो.

सगळी भावकी, गल्ली आणि फौंड्री माझ्याकडं वळून बघत होती.

"माझ्या भावानं उभ्या जल्मात जशी आसंल तशी कवा घेतलीया?" आत्या म्हणाली. "जा. बदलून आण."

मी स्कूटरला किक मारली. वाटेत डोळ्यांपुढं भिंतीला टेकलेली आई दिसत होती. एका माणसाला पोचवलं, आता माझ्या एका पार्सलपायी दुसऱ्यालाही धोका, असा विचार येऊन मी स्कूटर आणखी दामटली.

हॉटेलात रविवारची गर्दी होती. मी दारात उभा राहिलो आणि आबांची ऑर्डर म्हणायला लागलो. वर्षानुवर्षं ऐकून ती तोंडपाठ होती, पण माझ्या तोंडातून पहिल्यांदाच बाहेर पडत होती. 'तवंग काढून' म्हणालो आणि सगळ्यांचे चमचे खाली गेले. पळून जाऊन सायकल धरावी असं फार वाटलं. बियांपर्यंत पोचेतो आवाज इतका बारीक झाला, की आकाराम आतून झारा घेऊनच बाहेर आला. माझी नजर सवयीनं भिंतीवर गेली. पाटी नव्हती. सकाळी घाईत माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. खिळा होता आणि पाटीच्या जागी रंग तेवढा उजळ दिसत होता.

"काढली," आकाराम म्हणाला. "जेच्यासाठी लावली त्योच गेला. आता कुणाला वाचायला ठिवू?"

तो आत गेला. कांदा धुतला, फरसाणातली जाडी शेव निवडली, पिशव्यांना दोरा गुंडाळला. मग सहज विचारावं तसं विचारलं, की घरात कुणाला पाहिजे. मी सांगितलं, घरात नव्हे, निवदाला. सकाळची साधी होती, तिला कावळा शिवेना.

आकारामनं हातातली पिशवी खाली ठेवली. "येडा हायस काय रं? ही आबाची मिसळ न्हवं. वैनींची हाय, तुझ्या आईची."

"म्हणजे?" मी म्हणालो.

"तू भाईर सायकल धरून हुबा असायचास. आबा हितं बसून साधी खायाचा. तवंगासकट, कडंचा पाव, म्होरं यील ते. कारखान्यातल्या माणसाला लोखंड बी पचतंय म्हणायचा. ह्ये सगळं वैनींसाठी. त्यांच्या तोंडात फोड येत्यात, दातात शेव आडकती. त्या बोलत्यात व्हय कवा? त्यांच्या वाटचं आबा बोलायचा."

खरं होतं. आई कधीच काही मागत नाही. भाजीत मीठ नसलं तरी खाते, जास्त झालं तरी खाते. (मी आईवर गेलोय, असं सगळे म्हणतात. ते कौतुकानं म्हणतात असं मला वाटायचं.) कबनूरची ती मिरच्या काढलेली पोह्यांची बशीही तिच्याच हातात गेली असणार. मी म्हैस बघत होतो. आबांना मी जन्मभर तऱ्हेवाईक समजलो, आणि तो माणूस एका मुक्या बाईच्या वतीनं सगळ्या गावाशी भांडत होता. मला तिथंच रडू यायला लागलं, पण गिऱ्हाइकं बघत होती.

"मग साधी होती तर शिवला का नाही?" मी विचारलं.

"वैनींनी खाल्लंय?"

"पाणीसुद्धा नाही. कावळा शिवेपर्यंत घेणार नाही म्हणते."

"मग त्यो कसा खाईल?" आकाराम म्हणाला. "वैनींचं बांधून झाल्याबिगर तेनं सवताच्या ताटलीला कवा हात लावला न्हाय."

म्हणजे मामला असा होता. कावळा शिवल्याशिवाय आई खाणार नव्हती आणि आईनं खाल्ल्याशिवाय कावळा शिवणार नव्हता. दोन्हीकडं आमच्याच घरची माणसं, आणि मधे मी, हातात पिशव्या घेऊन. मी स्कूटर घराकडं वळवली.

घरात गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. पिशवीतला कट बघून शेजारच्या विठाबाईंनी पदर तोंडाला लावला. सुतकात मिसळ, तीही हॉटेलातली, आणि कावळा शिवायच्या आधी. अनुजानं माझ्या तोंडाकडं बघितलं, काही विचारलं नाही आणि वाटी आणून दिली. मी मटकी घातली, कट बेतानं ओतला, फरसाण वरून घातलं, लिंबू पिळलं.

"शिवला?" आईनं विचारलं.

शिवला म्हणून सांगायचं, असं मी वाटेत ठरवलं होतं. "नाही," मी म्हणालो. (खोटं बोलणंही मला मागच्या गाडीनं येतं.)

"मग मला नको."

मी तिला आकाराम काय म्हणाला ते सांगितलं. तिनं वाटीत एकेक बघितलं. शेव निवडलेलं फरसाण, धुतलेला कांदा, बिया काढलेलं लिंबू.

"मी तेनास्नी कवा म्हटलं न्हवतं, मला तिखट लागतंय म्हणून," ती म्हणाली. "तेनीच बघिटलं."

रविवारी आबा पार्सल घेऊन आले, की तिच्यासमोर मांडी घालून बसायचे आणि फौंड्रीतल्यासारखं एकच विचारायचे. मीही तसाच बसलो.

"पास का?" मी म्हणालो.

आईनं एक घास घेतला. तिचे डोळे भरून आले. तिनं दुसरा घेतला, मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि म्हणाली, "पास." आणि जराशानं, खाली बघत, "लिंबाची आजून एक फोड पायजे हुती."

माझ्या आयुष्यात आईनं काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मग मात्र मला राहवलं नाही. विठाबाई म्हणाल्या, खाल्लं आईनं आणि तिखट ह्याला लागलं.

मी घाटाकडं परत निघालो ते जवळजवळ उडतच. आता कावळा शिवणार, किंबहुना आईनं घास घेतला त्याच क्षणी शिवला असणार, याबद्दल माझी खात्री होती. हे आपण जमवलं, असंही वाटत होतं. घाटाच्या फाटकातच सगळी मंडळी परत येताना भेटली.

"शिवला," केरबातात्या म्हणाले.

"कधी? आत्ताच ना?"

"आत्ता कुठला? तू किक मारून फाटकाभाईर पडलास की लगीच. साध्याच मिसळीला. कडंचा पाव बी उचलून न्हेला. आमी कवाचं तुझी वाट बघतोय."

आक्काआत्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "तू म्होरं हुबा हुतास म्हणून थांबला हुता बघ."

हिशेब बरोबर होता. आबांनी जन्मभर साधी मिसळ खाल्ली ती मी बाहेर गेल्यावरच. (आंब्याबद्दल मी तात्यांना सहज विचारलं. ते म्हणाले, त्ये आदी बोलल्यालं, शिवला त्यो मागनं.)

पुढं दिवसकार्य उरकलं. त्यानंतरच्या रविवारी मी आकारामच्या हॉटेलात गेलो. दारात उभा राहून अख्खी ऑर्डर खड्या आवाजात सांगितली आणि शेवटी म्हणालो, "लिंबाच्या तीन फोडी." सगळं हॉटेल चमचे खाली ठेवून माझ्याकडं बघत होतं. मी बाहेर गेलो नाही. आकारामनं एका शब्दानं न कुरकुरता सगळं बांधून माझ्यापुढं ठेवलं. माझी छाती फुगली. आबांची जागा आता कुणीतरी घेतली, असं मला वाटलं, आणि त्या भरात मी त्यांच्या नेहमीच्या बाकावर जाऊन बसलो.

"आणि एक मला," मी म्हणालो. "कांदा जरा कमी."

आकारामनं हात पुसले, गल्ल्याखालून पाटी काढली, फडक्यानं धूळ झटकली आणि भिंतीत नवा खिळा ठोकून ती लावली. माझ्यासमोर मिसळ आली. वर कांद्याचा ढीग होता आणि पाव कडेचा होता. मी मुकाट्यानं खायला सुरुवात केली.

पाटी पहिल्यापेक्षा हातभर खाली होती. आता नीट वाचता येत होती.